गोठ्यात साथरोगाची शंका आली तर: २००९ च्या कायद्यानुसार पशुपालकाने उचलायची पावले

गाईच्या अंगावर गाठी उठल्या, बैलाच्या तोंडातून तारेसारखी लाळ गळू लागली किंवा संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेले जनावर पहाटे मरून पडले, तर पशुपालक आधी औषधाचा विचार करतो आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र त्याच घडीला त्याच्यावर एक कायदेशीर कर्तव्यही येते, आणि त्याची कल्पना फार थोड्या पशुपालकांना असते. हे कर्तव्य प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर सुरू होत नाही. रोग असावा असे मानायला सबळ कारण दिसले, की ते सुरू होते. हा एक मुद्दा नीट समजला तर कायद्यातील बाकीच्या तरतुदींचा अर्थ आपोआप लागतो. म्हणून या लेखात पहिल्या शंकेपासून निर्बंध उठेपर्यंतची पावले त्याच क्रमाने मांडली आहेत. महाराष्ट्रातील पशुपालकांना २०२२ च्या लम्पी चर्मरोगाच्या साथीत या कायद्याचा प्रत्यक्ष अनुभव आला असल्याने उदाहरणे मुख्यतः त्या साथीतली घेतली आहेत.

कायदा कोणता आणि कोणत्या रोगांना लागू

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांना प्रतिबंध व नियंत्रण करणारा हा कायदा संसदेने २००९ साली केला. तो संपूर्ण देशाला लागू असल्याने महाराष्ट्रातील पशुपालकाची जी कर्तव्ये आहेत, तीच गोव्यातील, बेळगावातील किंवा इंदूरच्या आसपासच्या मराठी पशुपालकाचीही आहेत. बदलतात ते फक्त अधिकारी आणि त्या त्या राज्याच्या अधिसूचना. त्याआधी देशपातळीवर १८९९ आणि १९१० चे दोन कायदे होते, पण ते दोन्ही घोड्यांच्या रोगांसाठीचे होते. गाईगुरांच्या रोगांसाठी प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा होता, आणि आपल्याकडे मुंबई प्रांताचा १९४८ चा कायदा चालत असे. जनावरे राज्यांच्या सीमा ओलांडून बाजाराला जातात आणि रोग त्यांच्याबरोबर जातो, हे ओळखून २००९ च्या कायद्याने जुने दोन्ही कायदे रद्द केले आणि राज्यांच्या कायद्यांतील विसंगत भागही बाद ठरवला.

कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे आणि तिच्यात ज्या रोगांची नावे आहेत त्यांनाच हा कायदा लागू होतो. गाईम्हशींच्या बाबतीत लाळ्या खुरकूत, घटसर्प, फाशी (अँथ्रॅक्स), सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस), लम्पी चर्मरोग, क्षयरोग, गोचिडांमुळे होणारे थायलेरियोसिस व बबेसियोसिस, आणि रेबीज ही त्यांतली महत्त्वाची नावे. केंद्र सरकार अधिसूचना काढून या यादीत भर घालू शकते किंवा तिच्यातून नाव वगळू शकते. पशुपालकाने ही यादी पाठ करण्याची गरज नाही. एकाच वेळी दोन-तीन जनावरे सारख्याच लक्षणांनी आजारी पडली किंवा एखादे अचानक मेले, तर रोग यादीतला आहे असे धरूनच पुढचे पाऊल टाकावे, कारण शंका खोटी ठरली तर काही बिघडत नाही, मात्र खरी शंका दडवली तर गाव अडचणीत येते.

पहिले पाऊल: कळवणे, आणि तेही लेखी

कायद्याच्या चौथ्या कलमानुसार जनावराचा मालक, किंवा ते ज्याच्या ताब्यात आहे अशी कोणतीही व्यक्ती अथवा संस्था, हिने रोगाची शंका गावासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवणे बंधनकारक आहे. गावपातळीवरून ही खबर जवळच्या पशुवैद्यकाकडे जाते आणि पशुवैद्यक ती आपल्या वरिष्ठ पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवतो. साथ असल्याचे स्पष्ट झाले तर राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचे संचालक शेजारच्या राज्यांना सूचना देतात. ‘ज्याच्या ताब्यात आहे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गोरक्षण संस्था, पांजरपोळ, दुसऱ्याची जनावरे अर्धलीने सांभाळणारा शेतकरी, बाजारातून जनावरे घेऊन निघालेला व्यापारी आणि धन्याच्या गोठ्यावरचा गडी या सगळ्यांवर हे कर्तव्य सारखेच आहे.

व्यवहारात खबर तीन ठिकाणी एकाच दिवशी द्यावी: ग्रामपंचायतीत, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्याकडे, आणि १९६२ या टोल फ्री क्रमांकावर. फोन आणि तोंडी निरोप यांनी कामाला वेग येतो, पण पुरावा लेखी अर्जाचाच राहतो. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यात मालकाचे नाव, गाव, गट क्रमांक किंवा वस्तीचे नाव, जनावराचा प्रकार, वय, कानातील टॅगचा बारा अंकी क्रमांक, कोणत्या तारखेला कोणती लक्षणे दिसली, गोठ्यात एकूण किती जनावरे आहेत, गेल्या महिन्याभरात बाहेरून कोणते जनावर आणले किंवा कोणते विकले, आणि शेवटची लस कधी टोचली, एवढा तपशील असला की पुरे. शेवटचे वाक्य असे असावे: ‘सदर जनावरास साथरोग झाला असल्याची मला शंका आहे, तरी तपासणी होऊन पुढील सूचना मिळाव्यात.’ अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर पोच, म्हणजे तारीख, वेळ, सही आणि शिक्का घ्यावा. पोच देणारे कोणी जागेवर नसेल तर अर्जाचा फोटो अधिकाऱ्याच्या मोबाइलवर पाठवून तो संदेश जपून ठेवावा.

लेखी अर्जावर इतका भर देण्याचे कारण स्पष्ट आहे. पुढे जनावर दगावले, भरपाईचा अर्ज करावा लागला, शेजाऱ्याने ‘यांच्या गोठ्यातून रोग आला’ अशी तक्रार केली, किंवा विमा कंपनीने प्रश्न विचारले, तर मालकाने वेळेत कळवले होते हे सिद्ध करणारा दुसरा कोणताही कागद त्याच्याकडे नसतो. कळवले तर गोठ्यावर शिक्का बसेल, दूध संकलन केंद्र दूध नाकारेल, बाजाराचे दिवस हातचे जातील, अशी भीती लोकांना वाटते. ती निराधार आहे असे म्हणता येणार नाही. काही ठिकाणी असे घडतेही. पण दडवलेला रोग आठ-पंधरा दिवसांत दावणीतील उरलेल्या जनावरांना गाठतो आणि मग तोच निर्बंध कितीतरी मोठ्या नुकसानीसह येतो. लम्पीच्या बाबतीत मात्र दुधाविषयीची भीती अनाठायी आहे, कारण हा रोग माणसाला होत नाही. त्या काळात गावोगावी दुधाविषयी ज्या अफवा उठल्या, त्यांचा फटका विनाकारण पशुपालकांना बसला. दूध नेहमीप्रमाणे उकळूनच घ्यावे हा नियम मात्र सर्वकाळ लागू आहे, कारण सांसर्गिक गर्भपात आणि क्षयरोग हे रोग कच्च्या दुधातून माणसापर्यंत पोहोचतात.

दुसरे पाऊल: वेगळे बांधणे

पशुवैद्यक येण्याची वाट न पाहता, शंका आली त्याच तासाला आजारी जनावर इतरांपासून दूर बांधणे हे पाचव्या कलमानुसार मालकाचे कर्तव्य आहे. हे कलम तपशिलात जाते. आजारी जनावर सार्वजनिक गायरानात चरायला सोडता येत नाही, आणि तळे, नदी किंवा सामाईक हाळ यांवर पाणी पाजायलाही नेता येत नाही. सामाईक भांड्यातूनही पाणी देता येत नाही. मोकाट किंवा बेवारस जनावर आजारी दिसले तर त्याला वेगळे ठेवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची असते. गावकऱ्यांनी ही तरतूद ग्रामसभेत वाचून दाखवावी, कारण देवाला सोडलेल्या वळूकडे आणि भटक्या गाईंकडे कोणी बघायचे हा प्रश्न प्रत्येक साथीत अनुत्तरित राहतो.

‘वेगळे बांधणे’ म्हणजे नेमके काय, हे रोगावर अवलंबून असते आणि याच ठिकाणी बहुतेक गोठ्यांत चूक होते. लाळ्या खुरकूत श्वासावाटे, लाळेवाटे, चपलांच्या तळव्यांवरून आणि बादल्यांतून पसरतो. त्यामुळे त्या रोगात एकाच छपराखाली चार खुंट्या सोडून बांधणे व्यर्थ आहे. जनावर वेगळ्या छपराखाली हवे, त्याची गव्हाण, बादली, दोर आणि खराटा स्वतंत्र हवा, आणि शक्य असेल तर त्याला पाहणारा माणूसही वेगळा हवा. माणूस एकच असेल तर त्याने आधी निरोगी जनावरांचे दूध काढावे, त्यांची वैरण-पाणी उरकावे आणि शेवटी आजारी जनावराकडे जावे. परत येताना हातपाय आणि चपला धुण्याच्या सोड्याच्या चार टक्के द्रावणाने धुवाव्यात. लम्पीचा विषाणू मुख्यतः चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड यांच्यामार्फत फिरतो. म्हणून तिथे अंतराइतकेच महत्त्व कीटकांच्या बंदोबस्ताला आहे: उकिरडा गोठ्यापासून दूर नेणे, साचलेले पाणी काढणे, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करणे, आणि पशुवैद्यकाने सांगितलेले गोचीडनाशक सर्व जनावरांवर एकाच दिवशी वापरणे. फाशीची शंका असेल तर वेगळे बांधण्यापुढे आणखी काही नियम आहेत. ते मृत जनावराच्या भागात दिले आहेत.

या टप्प्यावर एक धोका गावातूनच येतो. साथ आली की गावात इंजेक्शन देत फिरणाऱ्यांची गर्दी होते आणि एकच सुई दहा गोठ्यांत फिरते. लम्पी पसरायला मग माशांचीही गरज उरत नाही. कायद्यातला पशुवैद्यक म्हणजे नोंदणीकृत पदवीधर पशुवैद्यक, हे ध्यानात ठेवून इतरांना गोठ्यात येऊ देऊ नये. येणारा कोणीही असो, दर जनावराला नवी सुई वापरण्याचा आग्रह धरावा.

तिसरे पाऊल: तपासणी, नमुने आणि आदेश

खबर मिळाल्यावर पशुवैद्यकाला गोठ्यात येण्याचा, जनावर तपासण्याचा, नमुने घेण्याचा, आणि मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन करण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. त्याला अडवणे हा गुन्हा आहे. मालकाने जनावर नीट धरून देणे आणि खरी माहिती सांगणे अपेक्षित आहे. लम्पीमध्ये रक्ताचे आणि गाठींवरील खपल्यांचे नमुने घेतले जातात. ते पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातात आणि आवश्यक असल्यास तेथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवले जातात. अहवाल येईपर्यंत काही दिवस जातात. त्या काळात ‘अजून काही निश्चित नाही’ असे म्हणून जनावर बाजारात नेणे चुकीचे तर आहेच, शिवाय बेकायदेशीरही आहे, कारण शंका आल्यापासूनच जनावर वेगळे ठेवणे पाचव्या कलमाने बंधनकारक आहे, आणि तेराव्या कलमानुसार रोगी असल्याचे माहीत असलेले जनावर बाजारात किंवा सार्वजनिक ठिकाणी आणायला मनाई आहे.

तपासणीनंतर पशुवैद्यक वेगळे ठेवण्याचा, उपचाराचा किंवा गोठ्यातील वस्तू निर्जंतुक करण्याचा वा नष्ट करण्याचा आदेश देऊ शकतो. रोग पसरू नये म्हणून किंवा माणसांच्या आरोग्याला धोका असल्यामुळे जनावराला वेदनारहित मरण देणे आवश्यक वाटले, तर पंचविसाव्या कलमाखाली तसाही आदेश देता येतो, परंतु तो लेखीच असावा लागतो. कोणताही आदेश तोंडी मिळाला तर त्याची लेखी प्रत विनयाने मागावी. तो मालकाचा हक्क तर आहेच, पण आदेश कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि कोणत्या जनावरांना लागू आहे हेही त्यामुळेच नक्की होते. आदेशाची अंमलबजावणी मालकाने केली नाही तर प्रशासन ती स्वतः करून घेऊन तिचा खर्च मालकाकडून वसूल करू शकते.

चौथे पाऊल: आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते हे समजून घेणे

पशुपालकांचा सर्वाधिक गोंधळ ‘बाधित क्षेत्र’ आणि ‘नियंत्रित क्षेत्र’ या दोन संज्ञांमुळे होतो. बाधित क्षेत्र पशुवैद्यकीय अधिकारी आपल्या हद्दीत जाहीर करतो. रोग सापडलेला गोठा, वस्ती किंवा गाव एवढेच ते लहान असू शकते, आणि तो अधिकारी चौकशीअंती ते उठवतो. नियंत्रित क्षेत्र राज्य सरकार अधिसूचनेने जाहीर करते, आणि ते एखाद्या तालुक्याएवढे किंवा अख्ख्या राज्याएवढे असू शकते. रोग संपल्याचा संचालकांचा अहवाल आल्यावर राज्य सरकार त्याच भागाला ‘मुक्त क्षेत्र’ म्हणून घोषित करू शकते, आणि मग लसीकरण झाल्याखेरीज त्या जातीचे जनावर तिथे आणता येत नाही. अशी घोषणा स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रात छापून आणि गावात दवंडी देऊन लोकांपर्यंत पोहोचवली पाहिजे, असे कायदाच सांगतो. त्यामुळे दवंडीची मागणी करणे हा गावाचा हक्क आहे.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात लम्पीची लागण आढळली आणि काही आठवड्यांतच ती अनेक जिल्ह्यांत पोहोचली. तेव्हा राज्य सरकारने ८ सप्टेंबर २०२२ च्या अधिसूचनेने संपूर्ण महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केला. रोग न पोहोचलेल्या भागांतील पशुपालकाच्या जनावरांनाही त्या दिवसापासून निर्बंध लागू झाले. ‘आमच्याकडे एकही जनावर आजारी नाही, मग आमचा बाजार का बंद?’ असा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला गेला. त्याचे उत्तर या रचनेत आहे. बाधित क्षेत्राने आजची आग विझवायची असते, तर नियंत्रित क्षेत्राने ती पुढच्या गावात पोहोचण्याआधी वाट तोडायची असते. प्रश्न विचारणाऱ्यांची झळ खरी होती आणि भरपाईत तिची दखल घेतली गेली नाही, असे मला वाटते. पण निर्बंधामागचे कारण चुकीचे नव्हते.

नियंत्रित क्षेत्रात पुढील बंधने येतात. अधिसूचनेत नमूद केलेल्या जातीचे जनावर आहे त्या जागेवरून हलवता येत नाही. रोगी किंवा संशयित जनावर, जिवंत असो वा मेलेले, क्षेत्राबाहेर नेता येत नाही. त्याच्या संपर्कात आलेला कडबा, वैरण, अंथरूण, तसेच त्याचे कातडे किंवा इतर अवयव बाहेर नेता येत नाहीत. जनावरांचे बाजार, जत्रा, प्रदर्शने, आणि जनावरे एकत्र येतील असा कोणताही कार्यक्रम घेता येत नाही. त्यामुळे बैलगाडा शर्यतीही त्यात येतात. सक्षम अधिकारी स्वतःहून किंवा अर्ज आल्यावर बाजाराच्या बंदीत सूट देऊ शकतो, म्हणून बाजार समितीला पूर्ण बंदी अन्यायकारक वाटत असेल तर तिने आंदोलनाआधी हा अर्ज करावा.

बंदीतून दोन वाटा मोकळ्या आहेत. लस टोचून घेण्यासाठी जनावर जवळच्या केंद्रावर नेता येते. आणि जनावराला त्या रोगाची लस दिल्याचा वैध दाखला बरोबर असेल व त्याच्यावर लसीकरणाची ठरलेली खूण असेल, तर त्याची वाहतूक करता येते, मात्र त्या वेळच्या शासन आदेशाने अधिक कडक अट घातली नसेल तर. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त स्वतंत्र मनाई आदेश काढू शकतात आणि त्यांचा भंग हा भारतीय न्याय संहितेखालील वेगळा गुन्हा ठरतो. त्यामुळे निघण्यापूर्वी पशुसंवर्धन विभागाचा आदेश आणि जिल्ह्याचा आदेश हे दोन्ही पाहावेत.

पाचवे पाऊल: लस, टॅग आणि दाखला

नियंत्रित क्षेत्रात लसीकरण सक्तीचे असते. लस उपलब्ध करून देणे हे सरकारचे काम आणि जनावर टोचून घेणे हे मालकाचे. गाभण गाय आहे, दूध कमी होईल, गाठ येईल अशा कारणांनी नकार देता येत नाही. शंका असेल तर पशुवैद्यकाला विचारावे आणि त्याचा सल्ला पाळावा. २०२२ मध्ये लम्पीसाठी शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्यात आली, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. लम्पीसाठीची स्वतंत्र देशी लस हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने बरेलीजवळच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेसोबत विकसित केली. ही दुसरी संस्था १८८९ साली पुण्यात सुरू झाली होती आणि तिच्या स्थापनेमागे बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाचे संकट होते. बुळकांडी रोग नियमित लसीकरण, शोध आणि कळवण्याची शिस्त यांच्या जोरावर २०११ मध्ये जगातून नाहीसा झाला. आजच्या तरुण पशुपालकाने तो रोग पाहिलेला नाही, यापेक्षा या कायद्याच्या बाजूने मोठा पुरावा देता येणार नाही.

लसीकरणाच्या दाखल्यावर लस टोचल्याची तारीख, लस तयार झाल्याची आणि तिची मुदत संपण्याची तारीख, आणि लसीचा प्रभाव कोणत्या तारखेपर्यंत धरायचा, हे लिहिलेले असावे. तसे नसेल तर दाखला तिथल्या तिथे पूर्ण करून घ्यावा. अधिकार नसताना दाखला देणे आणि सदोष लस टोचणे यांसाठी कायद्यात वेगळी, अधिक कडक शिक्षा आहे. लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांसाठी २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात लाळ्या खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी मोफत दिली जाते आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदाच दिली जाते. ही दुसरी लस जिवंत जंतूंची असल्याने ती टोचताना पशुवैद्यकाने हातमोजे घालावेत आणि कुटुंबातील गर्भवती स्त्रीने गोठ्यापासून लांब राहावे.

कानातील पिवळा टॅग ही जनावराची कायदेशीर ओळख आहे, आणि त्याच्या बारा अंकी क्रमांकावर सर्व नोंदी ‘भारत पशुधन’ या सरकारी संगणकीय प्रणालीत जातात. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक यांना परवानगी नाही. टॅग तुटून पडला तर लगेच दवाखान्यात कळवून नवा बसवावा आणि जुन्या क्रमांकाची नोंद नव्याला जोडून घ्यावी. जनावर विकताना मालकी बदलाची नोंदही त्याच दिवशी करून घ्यावी. ही नोंद राहिली, तर पुढे त्या जनावराचे काहीही झाले तरी कागदोपत्री मालक जुनाच दिसतो.

ऊसतोड आणि बाजाराची वाहतूक

महाराष्ट्रात साथीच्या काळात सर्वांत अवघड हालचाल ऊसतोड हंगामातील बैलांची असते. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील मजुरांच्या बैलजोड्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि फडावर शेकडो जोड्या महिनोन्‌महिने एकत्र राहतात. ही हालचाल थांबवणे शक्य नाही, आणि मोकळी सोडणेही शक्य नाही. म्हणून निघण्याच्या किमान चार आठवडे आधी लस, टॅग आणि आरोग्य दाखला यांचे काम पूर्ण करावे, कारण लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो. मुकादमाने सर्व जोड्यांची टॅग क्रमांकांसह यादी करून तिची एक प्रत कारखान्याला द्यावी. कारखान्याने फडावर आजारी बैलांसाठी वेगळी जागा राखून ठेवावी आणि तिथे पशुवैद्यकाची फेरी ठेवावी. हे काम मजुराच्या एकट्याच्या ऐपतीचे नाही. ज्या कारखान्याला बैलाच्या श्रमाचा लाभ होतो, त्याने हा खर्च उचलणे न्याय्य आहे.

ज्या वाहनातून जनावरे न्यायची ते वाहन जनावरे चढवण्यापूर्वी आणि उतरवल्यानंतर धुऊन निर्जंतुक करणे कायद्याने बंधनकारक आहे. वाहतूकदार हे टाळतो, म्हणून भाडे ठरवतानाच ती अट घालावी. तपासणी नाक्यावर जनावरे थांबवून तपासता येतात, तिथेच लस टोचता येते किंवा विलगीकरण छावणीत ठेवता येतात. टॅगची यादी, लसीकरणाचा दाखला, आरोग्य प्रमाणपत्र आणि खरेदीची पावती हे चार कागद हाताशी असले की नाक्यावरचा खोळंबा कमी होतो. घरी आणलेले नवे जनावर किमान तीन आठवडे, आणि लम्पीच्या काळात चार आठवडे, जुन्या जनावरांपासून वेगळे बांधावे.

जनावर दगावले तर

संशयित रोगाने मेलेले जनावर ओढ्यात, कालव्यात किंवा नदीत टाकणे हा कायद्यातील स्वतंत्र गुन्हा आहे. मूळ कायद्यात त्यासाठी पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, आणि पुन्हा केल्यास पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शव पशुवैद्यकाला दाखवल्याशिवाय हलवू नये आणि कातडे काढू देऊ नये. पुरण्यासाठी खड्डा विहीर, ओढा आणि वस्तीपासून दूर, साधारण आठ फूट खोल घ्यावा. शवाखाली आणि वर चुना टाकावा, वर माती घट्ट दाबावी आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटेरी झुडपे टाकावीत. जागा नसेल तर ती ग्रामपंचायतीकडे मागावी.

जनावर अचानक मेले असेल, नाक, तोंड किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल आणि शव ताठरले नसेल, तर फाशी रोगाची शंका धरून त्याला चाकू लावू नये. शव उघडले की जंतूंचे बीजाणू तयार होतात, ते मातीत अनेक दशके टिकतात आणि हा रोग माणसालाही जिवावर बेततो. अशा वेळी शवविच्छेदन करू नये, रक्ताचा थेंब पशुवैद्यकालाच घेऊ द्यावा, नैसर्गिक छिद्रे कापडाच्या बोळ्यांनी बंद करावीत, शव फरफटत न नेता जवळच पुरावे, आणि ज्यांनी त्याला हात लावला त्यांनी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावे.

भरपाई, दंड आणि निर्बंधांचा शेवट

भरपाई स्वतंत्र शासन निर्णयाने मिळते आणि तिचे दर साथीगणिक बदलतात. २०२२ मध्ये लम्पीने दगावलेल्या दुभत्या गाईसाठी ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलासाठी २५,००० रुपये आणि वासरासाठी १६,००० रुपये जाहीर झाले होते. त्यासाठी पंचनामा, पशुवैद्यकाचा दाखला, टॅग क्रमांक, शवाचे टॅग दिसेल असे छायाचित्र आणि बँक खात्याचा तपशील लागतो. जनावर पुरल्यानंतर यांपैकी पहिल्या चार गोष्टी पुन्हा मिळवता येत नाहीत, म्हणून खड्डा बुजवण्यापूर्वीच त्या पूर्ण कराव्यात.

कळवणे, वेगळे बांधणे, लस आणि वाहतूक यांविषयीच्या कर्तव्यांत कसूर केल्यास मूळ कायद्यात पहिल्या वेळी एक हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी दोन हजार रुपये दंड आहे. तो न भरल्यास अनुक्रमे एक आणि दोन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आजच्या बैलजोडीच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. ती वाढायला हवी, पण तिच्याआधी लस वेळेवर गावात पोहोचायला हवी आणि रिक्त दवाखान्यांत पशुवैद्यक यायला हवेत, कारण ज्या गावात खबर घ्यायलाच कोणी नाही तिथे खबर न दिल्याबद्दल दंड करणे उचित नाही.

शेवटचे जनावर बरे झाले म्हणजे निर्बंध आपोआप संपले, असे होत नाही. बाधित क्षेत्र पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या आदेशाने आणि नियंत्रित क्षेत्र राज्य सरकारच्या अधिसूचनेनेच उठते, आणि तोवर सर्व अटी कायम राहतात. तो आदेश मिळाला, की त्याची प्रत ग्रामपंचायतीतून घ्यावी, गोठा दोन टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुवावा, आजारी जनावराचे दोर आणि म्होरकी जाळून टाकावीत, आणि पुढच्या लसीची तारीख विचारून ती दाखल्यावर लिहून घ्यावी.